नमुन्याचं घर

बरं, खिळा नको! लोखंडी खिळा नको म्हणे घरात! अहो, मग चित्र लटकवायचं कशाला, हवेला? दिगंबर मास्तरांनी विचारलं ना तसं साहेबांना... म्हणजे मनात विचारलं, तोंडानं ‘जी सर’ म्हणाले, कारण मास्तरांची नोकरी तेव्हा टेंपरवारी, आणि तुम्हाला सांगतो, टेंपरवारी माणसाला मनातली एक आणि तोंडातली एक अशा दोन भाषा आपोआप येतात. तर खिळा नको, काच नको, डब्यातला रंग नको, मुंबईची चादर नको, जी वस्तू मोडली की उकिरड्यावर जाते ती वस्तूच नको! साहेब डोळे मिटून सांगायचे, ‘मास्टरजी, इस घर में ऐसी एक भी चीज़ न हो जो टूटकर कूड़ा बने. मिट्टी की हो तो मिट्टी में जाए. कपड़ा फटे तो दूसरी चीज़ बने. और कला? कला यहीं की!’ आणि एवढा सगळा सोस कुणाच्या घरासाठी? तेच तर सांगतोय! घर कुणाचं? कुणाचंच नाही! दोन खोल्या, पुढे ओटा, वर कौलं, आणि राहणार कोण, तर कुणीच नाही! लोकांनी रांगेनं यायचं, बघायचं, ‘अहाहा’ म्हणायचं आणि आपापल्या गळक्या घरी जायचं!

छप्पन सालची गोष्ट. नोव्हेंबरच्या एक तारखेला बऱ्हाणपूर झोपेतून उठलं तेव्हा आपली राजधानी नागपूरची भोपाळ झालेली. आपण हललो नाही, तापी हलली नाही, राजपुरा मोहल्ल्यातली नळावरची रांगसुद्धा हलली नाही, पण राज्य हललं! नागपूर गेलं तिकडे मुंबई राज्यात, आपण राहिलो इकडे, आणि ग्वाल्हेर, रीवा, कुठली कुठली मंडळी आपल्याबरोबर एका पंगतीला येऊन बसली. मग सरकारनं ठरवलं, या सगळ्यांची मनं जुळवायची. कशी जुळवायची? प्रदर्शन भरवून! लालबागच्या मैदानावर डिसेंबरात ‘एकता प्रदर्शन’, आणि त्याच्या मधोमध हे नमुन्याचं घर. त्यासाठी विकासाचे साहेब आले, गिरधरजी, मूळचे ग्वाल्हेरचे. माणूस भला हो, अगदी भला. खादीचा बंद गळा, आवाजात तूप. वाईट माणूस असता तर मास्तरांना एवढी लाज तरी वाटली नसती.

आता मास्तरच का? तर हेडमास्तरांनी साहेबांना सांगितलं, ‘हमारे पास एक आर्टिस्ट है.’ खरं म्हणजे चित्रकलेचा तास रद्द झाला तर कुणाचं काही अडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मास्तरांची छाती फुगली. शिवाय शाळेत कुजबुज होती की नव्या राज्यात चित्रकलेच्या जागाच उडणार, आणि साहेब म्हणाले होते, ‘घर अच्छा बना तो आपके लिए ऊपर मैं लिखूँगा.’ मग काय! मास्तरांनी घरात होती नव्हती ती आपली सगळी चित्रं काखोटीला मारली आणि नेऊन ओळीनं भिंतीला टेकवली. बर्फाचे डोंगर. निळं तळं. तळ्यात बदकं. काठाला लाल छपराचं घर आणि त्याच्या धुराड्यातून वर जाणारा धूर, पिळाच्या जिलेबीसारखा. कॅलेंडरावरून काढलेलं सगळं, पण हात असा साफ की बदक कुठलं कॅलेंडरातलं आणि कुठलं मास्तरांचं, ओळखू येऊ नये.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ‘यह कहाँ का दृश्य है, मास्टरजी?’

‘सर... काल्पनिक.’

‘अच्छा.’ साहेब बदकांकडे वाकले. ‘कल्पना में भी आपको बुरहानपुर नहीं आता?’

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रेमानं म्हणाले! मास्तर बदकं काखोटीला मारून परत आले, आणि येताना सगळा राजपुरा आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटलं. बघत कुणीच नव्हतं.

घरी बायको भाजी निवडत होती. सुमन तिचं नाव, इथलीच, शहरातली. तिनं मान वर न करताच विचारलं, ‘काय हवंय त्यांना नक्की?’ मास्तरांनी यादी सांगितली. मातीचं, केळीच्या सोपटाचं, जुन्या कापडाचं, भिंतीवर इथलं काहीतरी काढलेलं. ती म्हणाली, ‘अहो, मग हे तर अक्कांचंच घर झालं!’

अक्का म्हणजे रंभाबाई, मास्तरांची थोरली बहीण. शाहपूरच्या अलीकडे एका वस्तीत दिलेली. केळीचे मळे तेव्हा तिकडे नुकते कुठे लागत होते, कापूस मात्र मूळचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा या बहिणीनं मास्तरांना काखेत घेऊनच सासरी नेलं म्हणा ना! नवऱ्याला, निंबादाजींना, म्हणाली, ‘हा बी राह्यल.’ दाजी म्हणाले, ‘राहू दे.’ एवढ्यावर मास्तरांचं शिक्षण झालं. तिनं कापूस वेचला आणि यांनी पाटी गिरवली. आणि मोठे झाल्यावर मास्तरांनी काय करावं? चार वर्षं तिच्या दारात गेले नाहीत! का? तर एकदा ती वांग्यांचं बोचकं घेऊन थेट शाळेत आली, भरताची वांगी, भावाला आवडतात म्हणून, आणि व्हरांड्यात उभी राहून, शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी ओरडली, ‘दिग्याऽऽ! अरे दिग्याऽऽ!’ झालं! सातवीच्या वर्गानं ते उचललं, आठवीत नेलं, आणि पुढे वर्षभर फळ्यावर रोज सकाळी लिहिलेलं असायचं, ‘दिग्या’. मास्तरांना राग मुलांचा यायला हवा होता की नाही? आला बहिणीचा. असा राग हिशेबात कुठेच बसत नाही, पण येतो. तुम्हालाही आला असेल कधी. नका सांगू.

तर मास्तर गेले. जावंच लागलं. शाहपूरच्या मोटारीनं गेले, फाट्यावर उतरले, चालत निघाले, आणि वाटेत वाक्य पाठ करत होते, ‘अक्का, सरकारी प्रदर्शन आहे, त्यासाठी एक नमुन्याचं घर सजवायचं आहे.’ सोपं वाक्य! पण दारात पोचले तर रंभाबाई अंगणात गोधडीला टाके घालत बसलेली. तिनं वर बघितलं, आणि सुई तशीच हवेत. मग ‘माय व माय!’ करून उठली, आणि भावाच्या तोंडावरून हात फिरवायला लागली, कपाळ, गाल, हनुवटी, कान, जसं काही सगळं जागच्या जागी आहे का ते तपासत होती. ‘वाळला रे! काय खाऊ राह्यला? सुमन बरी हाय ना? पाय धू. नाही, आधी पानी पे. नाही, आधी बस!’ एका दमात चार हुकूम! मास्तरांचं पाठ वाक्य तिथंच अर्धं सांडलं. उरलेलं अर्धं बाहेर आलं, ‘अक्का... एक घर सजवायचं आहे.’

‘घर?’ रंभाबाईचा हात थांबला. ‘दिगू... तू घर बांधलं?’

आता तुम्हाला सांगतो, मास्तर ‘हो’ म्हणाले नाहीत. अजिबात नाही. आजही ते शपथेवर सांगतील की ‘हो’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. फक्त ‘नाही’ म्हणायचं राहून गेलं! एक क्षण होता हो, एवढासा, आणि त्या क्षणात रंभाबाईनं कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, ‘ओ मालूबाई, ऐकलं का! माह्या भावानं घर बांधलं!’ मालूबाईनं पुढच्या घरी सांगितलं, पुढच्या घरानं विहिरीवर, आणि चहा होईपर्यंत सगळी वस्ती ओट्यावर. ‘किती खोल्या?’ ‘दोन.’ ‘कौलं का पत्रे?’ ‘कौलं.’ प्रत्येक उत्तर खरं! एकेक खरी वीट लावून मास्तर खोट्याचं घर बांधत होते, आणि घर कुणाचं? कुणाचंच नाही!

तिसऱ्या दिवशी दाजींच्या बैलगाडीतून सामान लालबागला आलं. काय काय आणलं तिनं! केळीच्या सोपटाच्या वळलेल्या दोऱ्या आणि त्याच दोऱ्यांच्या चटया, तुराट्यांच्या टोपल्या, मातीचे रांजण, वाळलेल्या भोपळ्याचं पाणी प्यायचं भांडं, आणि एक गोधडी. जांभळी, हिरवी, मधे एक चौकोन फिकट पिवळा. मास्तरांनी तो पिवळा तुकडा ओळखला. आईचं लुगडं. रंभाबाई म्हणाली, ‘तुह्या घरासाठीच ठुली व्हती. कधी ना कधी तू घर बांधशीनच, हे मले मालूम व्हतं.’

मास्तर म्हणाले, ‘ती त्या कोपऱ्यात ठेव.’

तीन दिवस ती भिंतींवर काम करत होती. शेणामातीनं सारवलं, चुन्यानं पांढरं केलं, आणि मग गेरू कालवून, बाभळीच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करून, काढायला लागली. मोर काढले. हत्ती काढला. बैलगाडी, कणगी, तुळस. आणि मधल्या भिंतीवर एक बाई, डोक्यावर कापसाचं गाठोडं, काखेत एक पोर, पोराच्या हातात पाटी. मास्तर मागे उभे. इंदूरला जाऊन परीक्षा दिलेला माणूस, सावली कुठं पडते, नजर कुठून कुठं जाते, सगळं शिकलेला. आणि हिनं एक रेघ ओढली तर पोर बाईच्या काखेत बसलेलं दिसत होतं, वजनासकट! मास्तरांना अभिमान वाटला. पण तो बाहेर यायच्या आतच मैदानावरचा शिपाई, कडू त्याचं नाव, डोकावला आणि म्हणाला, ‘मास्तर, ही कोन?’ आणि मास्तर, तुम्हाला सांगतो, हळू आवाजात म्हणाले, ‘कामाची बाई आहे.’

हळूच म्हणाले. म्हणजे ऐकू जाणार नाही याची काळजी घेतली. म्हणजे काय बोलतोय ते कळत होतं! जीभ घसरली असती तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

तिचे आपले प्रश्न चालू. ‘दिगू, चुलीचा धूर कुठून जाईन रे?’ ‘बघू अक्का.’ ‘मोरी कुठी हाय?’ ‘करायची आहे.’ ‘सुमन कशी नाही आली?’ ‘माहेरी गेलीय.’ सुमनचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे! आणि ती तिथंही नव्हती, ती राजपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत तव्यावर पोळी आपटत होती. ‘खरं सांगा त्यांना, आज सांगा, आत्ता जाऊन सांगा!’ ‘उद्या सांगतो.’ उद्या म्हणता म्हणता काम संपलं, रंभाबाई गाडीत बसून गेली, आणि संध्याकाळी साहेब आले.

साहेब दारातच थबकले. जोडे काढले. सरकारी अधिकाऱ्यानं सरकारी घरात जोडे काढले, हे बऱ्हाणपूरनं पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ त्या बाईसमोर आणि पाटीवाल्या पोरासमोर उभे राहिले. ‘अद्भुत! किसने बनाया?’

‘सर, एक ग्रामीण... कलाकार.’

‘नाम क्या है उनका?’

आता नाव सांगायला काय जातं? चार अक्षरं! पण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न गावाचा, मग नात्याचा, मग ती इथं येणार, हाक मारणार, आणि प्रदर्शनभर ‘दिग्या’ होणार... मास्तर म्हणाले, ‘सर, ये लोग नाम नहीं लिखते.’

साहेबांचे डोळे भरून आले. ‘वाह! यही तो हमारी परंपरा है.’ घ्या! खोटं बोलावं तर त्याचीही परंपरा होते! आणि दुसऱ्या दिवशी दाराशी पाटी लागली, मास्तरांनीच वळणदार अक्षरात रंगवलेली, ‘सज्जा एवं कल्पना : श्री दिगंबर, चित्रकला शिक्षक’. रंगवताना ‘कल्पना’ शब्दावर ब्रश अडला होता. मग पुढे गेला.

उद्घाटनाचा दिवस. आता गंमत बघा, मास्तरांनी अक्काला बोलावलं नव्हतं. पण सरकारनं गावोगाव दवंडी पिटलेली, अमुक दिवशी लालबागला घराचं उद्घाटन! वस्तीनं काय समजायचं? मास्तरचं घर, मास्तरची वास्तुशांत, आणि बिचाऱ्याला बोलवायला वेळ झाला नसेल! तीन बैलगाड्या निघाल्या. बावीस माणसं. बायका नव्या लुगड्यांत, पुरुषांच्या डोक्याला धुतलेले पटके, नारळ, तांदळाची टोपली, खापरावरच्या पुरणपोळ्यांची दुरडी, आणि सगळ्यांच्या पुढे कलश घेतलेली रंभाबाई.

दारात कडू. ‘तिकीट?’

‘कशाचं?’

‘आत जायाचं. माणशी एक आना.’

‘भावाच्या घराले तिकीट?’ रंभाबाई हसली. वस्तीला वाटलं पोरगं थट्टा करतंय.

‘कोन भाऊ? बाई, हे घर कोनाचंच नाही!’ कडू तरी काय करणार, त्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो एकटाच! पण वस्तीतल्या बायका काय थांबणार! कलश घेऊन निघालेल्या बायांना कुणी शिपाई अडवतो होय? लाट आली आणि कडू बाजूला झाला.

आत खंडव्याहून आलेले बडे साहेब, शहरातली प्रतिष्ठित मंडळी, हेडमास्तर, फोटोवाला, आणि मधे दिगंबर मास्तर, कोट घालून, छडीनं भिंतीकडे दाखवत, ‘इस चित्र में रेखा की सहजता देखिए...’ आणि दारातून, शेतात बांधावरून बांधावर मारावी तशी हाक आली.

‘दिग्याऽऽ! आमी आलो रे!’

सगळ्या माना वळल्या. मास्तरांची छडी हवेत. गिरधरजी कौतुकानं पुढे झाले, ‘मास्टरजी, आप इन्हें जानते हैं?’

आता बघा. दोन शब्दांचं उत्तर होतं. ‘मेरी बहन.’ दोन शब्द, लहान मुलालाही येतील! मास्तरांनी तोंड उघडलं. ‘जी... ये...’ म्हणाले. ‘ये यहाँ की...’ म्हणाले. आणि थांबले. हेडमास्तर बघत होते, बडे साहेब बघत होते, कडू दारातून बघत होता, त्याला तर ‘कामाची बाई’ सांगितलेलं! जीभ पुढेही जाईना, मागेही येईना. आणि रंभाबाई बघत होती. आधी भावाच्या तोंडाकडे. मग त्या कोटाकडे. मग सगळ्या पाहुण्यांकडे. किती वेळ गेला असेल? बैलानं एकदा मान हलवावी एवढा. पण त्यात तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं ते मास्तरांना दिसलं. अगदी कुठून निघालं आणि कुठं गेलं, सगळं दिसलं. चित्रकार ना!

मग तिनं कलश एका काखेला घेतला, दुसऱ्या हातानं पदर पुढे ओढला आणि साहेबांना म्हणाली, ‘मी लीपनेवाली बाई, साहेब. भिंती म्या लिपल्या. गावचे लोक म्हने पाहू, म्हनून घिऊन आली.’

मागे निंबादाजींनी नारळाचं पोतं खाली ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला म्हणून निघून गेले. बैलांना पाणी नुकतंच दाखवलं होतं.

आणि गिरधरजी? ते विरघळलेच! ‘अरे! तो ये हैं हमारी ग्रामीण बहन! आइए बहनजी, आइए, यहाँ बीच में आइए!’ हात जोडले, वाकले, तिला बड्या साहेबांच्या शेजारी उभं केलं. अख्ख्या प्रदर्शनात रंभाबाईला बहीण म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि तो ग्वाल्हेरचा!

फोटो निघाला. मधे ती, या बाजूला मास्तर, त्या बाजूला साहेब. नंतर पेपरात आला, खाली छापलेलं, ‘कलाकार के साथ एक ग्रामीण महिला’.

मग भाषणं झाली. वस्तीची मंडळी बाहेर लिंबाखाली जाऊन बसली आणि त्यांनी दुरडी सोडली. खिडकीतून मास्तरांना दिसत होतं. पुरणपोळीचा वास आत येत होता. सकाळपासून उपाशी माणूस तो! रंभाबाई सगळ्यांना वाढत होती, कडूलाही बोलावून वाढलं, आणि कडूनं खाल्लं, दोन खाल्ल्या. मास्तर वीस पावलांवर उभे राहून एकतेवरचं भाषण ऐकत होते.

त्या रात्री सगळं ऐकून सुमन एकच वाक्य बोलली. ‘बरं झालं आपल्या लग्नाचे फोटो आहेत, नाहीतर मलाही तुम्ही स्वयंपाकीण म्हणाला असतात.’ आणि पुढे आठ दिवस काहीच बोलली नाही, ते पहिल्या वाक्यापेक्षा वाईट.

मास्तरांची नोकरी कायम झाली. साहेबांनी शब्द पाळला. कायमचं पत्र हातात आलं तेव्हा शाळेत पेढे वाटले, आणि मास्तरांनी आपला पेढा खिशात घातला. प्रदर्शन संपलं, घरात सरकारी बियाण्याची पोती भरली. मोरांना पोत्यांची धूळ, हत्ती अर्धा झाकलेला. घर कुणाचं? कुणाचंच नाही!

एक महिना मास्तरांनी कारणं काढली. परीक्षा आहे, थंडी आहे, मोटार वेळेवर नाही. शेवटी एका रविवारी गेले. रंभाबाई सोपटाची दोरी वळत बसली होती. उठली नाही, पण बाजूला सरकून जागा केली. मास्तर बसले आणि सगळं सांगितलं, उलटसुलट, शेवट आधी, सुरुवात नंतर, ‘अक्का, ते घर माझं नव्हतं’ हे तर तीनदा सांगितलं.

तिनं दोरीला पीळ दिला. ‘मालूम व्हतं.’

‘काय?’

‘पह्यल्याच दिवशी समजलं. ज्या घराले मोरी नाही, धुराले वाट नाही, तठी कोनी राह्यते का रे? मी काय येडी हाय?’

‘मग... मग तू तीन दिवस भिंती कशाला रंगवल्यास?’

‘भित चांगली व्हती. कोरी भित पाह्यली का मले राहवत नाही.’

‘आणि गावाला घेऊन का आलीस, अक्का?’

‘गावाले मी सांगूनच चुकली व्हती. मंग काय म्हनू, माहा भाऊ लबाड बोलला? अन् दवंडी झाल्यावर तेच म्हने, चाला.’ तिनं पीळ सुटू नये म्हणून दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. ‘मले वाटलं, घर तर घर, नसो. पन एवढे लोक पाह्यले का तू म्हनशीन, ही माही बहीन.’

वाद घालायला तरी काही ठेवायचं माणसानं समोरच्याला! मास्तरांनी विचारलं, ‘आता गावाला काय सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘सांगतलं, भावाचं घर इतकं झ्याक झालं का सरकारनं ठिऊनच घेतलं.’ आणि उठली. ‘चाल, हात धू. भरीत केलं हाय.’ बोलणं असं वाकडं आणि ताट असं सरळ! मास्तर जेवले, खाली मान घालून, आणि जेवताना त्यांनी ठरवलं. बस्स. उद्या. साहेबांच्या कचेरीत. सगळ्यांच्या देखत!

आणि तुम्हाला सांगतो, या वेळी उद्याचा उद्या झाला नाही! सोमवारी दहा वाजता मास्तर कचेरीत. साहेबांपुढे चार अधिकारी, दोन कारकून, पाणी द्यायला आलेला कडू. मास्तरांनी पेपरातला तो फोटो हातात धरलाय, त्यातल्या बाईवर बोट ठेवलंय. ‘सर, मुझे कुछ कहना है. ये... ये मेरी बहन है, सर! सख्खी!’

आता बघा, जन्म बऱ्हाणपुरात गेला, भाजी हिंदीत घेतली, भांडणं हिंदीत केली, तोंडपाठ भाषा! पण आयत्या वेळी शब्द आला तो मराठी आला. सख्खी! ग्वाल्हेरच्या माणसाला काय ऐकू जाणार? साहेब खुर्चीवरून उठले. डोळ्यांत पाणी. ‘सखी भी! बहन भी! सुना आप लोगों ने? एक अनपढ़ ग्रामीण महिला को एक शिक्षक अपनी बहन कह रहा है! यही है एकता!’

‘नहीं सर, मतलब सचमुच की...’

‘सचमुच, मास्टरजी, सचमुच! आपकी ही क्यों, हम सबकी बहन है!’ आणि साहेबांनी टेबलाला वळसा घालून मास्तरांना मिठी मारली. चार अधिकारी टाळ्या वाजवतायत. कडू तेवढा पाण्याचा ग्लास घेऊन जागच्या जागी उभा, तोंड उघडं, त्याला कळलं होतं. पण कडूला कोण विचारतो?

मास्तर मैदानाच्या कडेकडेनं घरी चालत निघाले, तेव्हा कुठे, स्टेशनाच्या रस्त्यावर, शब्द आठवला. सगी! सगी बहन! वाटेत उभे राहून दोनदा मोठ्यानं म्हणाले. दुसऱ्या दिवशी धावत कचेरीत गेले, सांगायला.

साहेबांची बदली झाली होती. रीव्याला.